घड्याळ विकलं, कुळाचं काय?

माझ्या आजोबांचं एक एचएमटी जनता घड्याळ आहे. इकडे शिकायला येताना आईने ते बॅगेत घातलं, आणि आता ते माझ्या टेबलावर असतं. रोज सकाळी किल्ली द्यायची, दिवसाला मिनिटभर मागे-पुढे होतं ते सहन करायचं, की झालं. ते बनवणारी कंपनी आता नाही. एचएमटी वॉचेस बंद करायला भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. पण ही बातमी घड्याळाला कळलेलीच नाही. कुठल्याही गावातला घड्याळजी ते उघडून, फुंकर मारून, तेल घालून परत चालू करून देतो.

त्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, आणखी एक घड्याळ कंपनी संपली: पेबल. तिची बातमी मात्र प्रत्येक घड्याळाला कळली, कारण ती घड्याळं कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेली होती. पेबलमधल्या निवडक गोष्टी फिटबिट या मोठ्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतल्या. महिनाभरातच, जानेवारी २०१७ मध्ये, फिटबिटने आणखी एक छोटी कंपनी घेतली. ती लंडनची होती, नाव व्हेक्टर वॉच. पेबलवर लोकांनी लेख लिहिले, अक्षरशः शोक केला. व्हेक्टरचं नाव मात्र इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मीही हा विषय वाचायला घेईपर्यंत ऐकलं नव्हतं.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर बोलताना आपण सगळेच एक ठरलेली गोष्ट सांगतो: मोठा मासा लहान माशाला खातो. या लेखात मला त्या गोष्टीवरच टीका करायची आहे. ती खोटी नाही, पण आळशी आहे. कोण जिंकलं, कोण हरलं, किती डॉलरला, एवढंच ती विचारते. ज्याच्या मनगटावर ते घड्याळ आहे, तो माणूस तिच्यात कुठेच येत नाही.

आधी हिशोब

पेबलची सुरुवात सगळ्यांना आवडेल अशी आहे. एरिक मिगिकोव्हस्की हा कॅनडातला, वॉटर्लू विद्यापीठात शिकलेला इंजिनियर. २०१२ च्या एप्रिलमध्ये त्याने किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले आणि जवळपास ६९ हजार लोकांनी मिळून त्याला एक कोटी दोन लाखांहून जास्त डॉलर दिले. ॲपलचं घड्याळ तेव्हा बाजारात यायला अजून तीन वर्षं होती. पेबलचा पडदा ई-पेपरसारखा, उन्हात वाचता येणारा. बॅटरी दिवसांत मोजायची, तासांत नाही. कुणीही त्यासाठी ॲप लिहू शकत होतं. २०१५ मध्ये पेबल टाइमसाठी लोकांनी पुन्हा दोन कोटींहून अधिक डॉलर दिले.

आता त्यामागचा हिशोब बघा. बातम्यांनुसार २०१५ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीने पेबलला सुमारे ७४ कोटी डॉलर देऊ केले होते. पेबलने नाही म्हटलं. पुढे इंटेलची बोली आली ती सुमारे सात कोटींची. तीही फिसकटली. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ४० जणांना, म्हणजे चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांना, काढलं. मे महिन्यात तिसऱ्यांदा किकस्टार्टरवर जाऊन एक कोटी २८ लाख डॉलर गोळा केले. आणि डिसेंबरमध्ये फिटबिटने जे घेतलं त्याची किंमत, फिटबिटच्याच आर्थिक अहवालाप्रमाणे, सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर. लंडनच्या व्हेक्टरची किंमत त्याहून कमी, सुमारे दीड कोटी डॉलर.

(सिटिझन हे नाव ओळखीचं वाटलं का? १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला तो याच सिटिझनच्या तांत्रिक सहकार्याने. म्हणजे आजोबांच्या घड्याळाची गुरु-कंपनी पेबलला मागणी घालायला आली होती.)

या हिशोबातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. पेबल ही काही निष्पाप बळी पडलेली कंपनी नव्हती. मागणीचा अंदाज चुकला. साध्या, टिकाऊ घड्याळाची मूळ ओळख सोडून ती फिटनेसच्या मागे लागली, म्हणजे नेमकी फिटबिटच्या अंगणात शिरली. आणि चांगल्या किमतीला विकायची वेळ असताना विकलं नाही. ‘मोठ्या माशाने खाल्लं’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. बुडत्या कंपनीबद्दल आपल्याला वाटणारी माया तिच्या चुकांचा हिशोब मागत नाही.

‘विकत घेतलं’ म्हणजे नेमकं काय घेतलं?

इथे शब्द नीट वाचायला हवेत. फिटबिटने पेबल कंपनी विकत घेतली नाही. पेबलचं सॉफ्टवेअर घेतलं, बौद्धिक संपदा घेतली आणि बरेचसे सॉफ्टवेअर इंजिनियर घेतले. घड्याळं, माल, वॉरंटी यांतलं काहीही घेतलं नाही. पेबल टाइम २ आणि पेबल कोर ही जाहीर झालेली उत्पादनं रद्द झाली. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना परतावा मिळाला, हे नोंदवायला हवं. पण ज्यांच्या हातात घड्याळ आधीच होतं त्यांची वॉरंटी त्या दिवशी संपली. घड्याळ चालत राहील, पण सेवा पुढे कमी होऊ शकतील, असं त्यांना सांगण्यात आलं.

व्हेक्टरचंही तसंच. मुख्यालय लंडनला, संशोधन आणि विकासाचं काम रोमेनियात बुखारेस्टला. गोल, देखणी घड्याळं, एकदा चार्ज केलं की ३० दिवस चालणारी, हा तिचा मोठा दावा. सौदा झाल्यावर जुनी घड्याळं चालू राहतील, पण नव्या सुविधा येणार नाहीत, असं कळवण्यात आलं. फिटबिटला हवी होती ती बुखारेस्टची माणसं आणि त्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर. घड्याळ घेणाऱ्याला दुकानात वाटलं की आपण एक वस्तू विकत घेतोय. खरं तर त्याने एक नातं घेतलं होतं, आणि ते नातं सौद्याच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हे वाचताना मला सारखा आठवतो तो कूळ कायदा.

शहरात वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जमीन एकाची, कसणारा दुसरा. कसणारा तो कूळ. पूर्वी मालकाने जमीन विकली की नवा मालक कुळाला सहज बाहेर काढू शकायचा. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने कुळाला संरक्षण दिलं: जमीन विकली गेली तरी कुळाचा हक्क तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जातो. पुढे कायद्यात सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारं कूळच कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. या कायद्यामागचा विचार साधा आहे. मालमत्ता बदलली म्हणून तिच्यावर अवलंबून असलेल्या माणसाचा हक्क हवेत विरता कामा नये.

स्मार्टवॉच वापरणारा हे आजचं कूळ आहे. घड्याळ त्याचं आहे, पैसे त्याने मोजलेत. पण ते ज्या जमिनीवर उभं आहे, म्हणजे सर्व्हर, ॲप आणि खातं, ती दुसऱ्याची आहे. जमीन विकली जाते तेव्हा कुळाला कुणी विचारत नाही.

कर्मचाऱ्याला आहे, ग्राहकाला नाही

ब्रिटिश कायद्याला ही कल्पना परकी नाही, हे आणखी विचार करायला लावणारं आहे. इथे २००६ चे ‘ट्यूपे’ नियम आहेत. एखादा व्यवसाय एका मालकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित झाला तर कर्मचारी आपोआप नव्या मालकाकडे जातात. जुन्या अटी, नोकरीची सलगता, सगळं बरोबर जातं. नवा मालक ‘मी फक्त कोड घेतला, माणसं नाही’ असं सहजासहजी म्हणू शकत नाही. हा नोकरदारांचा कूळ कायदाच म्हणा ना.

(आपल्यातल्या स्किल्ड वर्कर व्हिसावाल्यांसाठी एक सूचना इथेच करतो, कारण हा प्रश्न वारंवार येतो. ट्यूपेने नोकरी पुढे गेली तरी स्पॉन्सरशिप आपोआप जात नाही. नव्या कंपनीने होम ऑफिसला २० कामकाजाच्या दिवसांत कळवावं लागतं, आणि तिच्याकडे लायसन्स नसेल तर तेवढ्याच वेळात अर्ज करावा लागतो. नोकरीच गेली तर साधारणपणे ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो. कंपनी विकली जातेय अशी कुणकुण लागली की पहिला प्रश्न एचआरला हाच विचारा.)

मग ग्राहकाचं काय? २०१५ चा कंझ्युमर राइट्स ॲक्ट आहे, आणि तो वाईट नाही. वस्तूमधलं सॉफ्टवेअर हा त्या वस्तूचाच भाग मानतो. पण हक्क मागायचा तो दुकानदाराकडे, बनवणाऱ्याकडे नाही. दुकानातून घेतलं असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षांपर्यंत, स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांपर्यंत दावा करता येतो. मात्र घेतानाच वस्तूत दोष होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. तीन वर्षांनी कंपनी विकली गेली आणि सर्व्हर बंद झाला, हा ‘दोष’ कसा सिद्ध करणार? आणि किकस्टार्टरवर पैसे दिलेला माणूस तर धड ग्राहकही नाही, धड भागीदारही नाही.

२०२२ चा पीएसटीआय कायदा २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. इंटरनेटला जोडणाऱ्या वस्तूंना सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील, हे आता जाहीर करावं लागतं. पाऊल चांगलं आहे. पण काळ किती असावा, हे कायदा सांगत नाही, फक्त ‘सांगा’ म्हणतो.

आणि स्पर्धा कायदा? ब्रिटनची स्पर्धा संस्था, सीएमए, सौदे तपासते. तेव्हाची उलाढालीची कसोटी होती सात कोटी पौंड, २०२५ पासून ती दहा कोटी झाली आहे. बाजारातल्या वाट्याची दुसरी कसोटीही आहे, पण व्हेक्टरसारखी छोटी कंपनी या जाळ्यातून बहुधा निसटतेच. मोठ्या माशांसाठी विणलेलं जाळं आहे ते.

मोठा मासाही खाल्ला गेला

गोष्ट इथे संपत नाही. पेबल आणि व्हेक्टरच्या लोकांनी बनवलेल्या पायावर फिटबिटने २०१७ मध्ये आयॉनिक आणि २०१८ मध्ये व्हर्सा ही घड्याळं आणली. पण २०१५ मध्ये २० डॉलरला बाजारात आलेला फिटबिटचा शेअर घसरतच गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये गूगलने ७.३५ डॉलर प्रति शेअर, एकूण सुमारे २१० कोटी डॉलर, असा सौदा जाहीर केला. म्हणजे ज्याला आपण मोठा मासा म्हणत होतो तो तीन वर्षांतच दुसऱ्याच्या जबड्यात होता.

या वेळी मात्र कूळ आठवलं. फिटबिटचे २.८ कोटींहून जास्त सक्रिय वापरकर्ते होते. त्यांची झोप, नाडी, पावलं, पाळीच्या तारखा, हे सगळं जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीकडे जाणार होतं. लंडनच्या प्रायव्हसी इंटरनॅशनलसारख्या संस्थांनी विरोध केला. १७ डिसेंबर २०२० ला युरोपियन कमिशनने सौद्याला मंजुरी दिली ती अटींसह. युरोपीय वापरकर्त्यांची आरोग्य-माहिती गूगलने जाहिरातींसाठी वापरायची नाही, ती वेगळी ठेवायची, आणि इतर कंपन्यांच्या घड्याळांना अँड्रॉइडचे दरवाजे बंद करायचे नाहीत. मुदत दहा वर्षं. जाहिरातींची अट आणखी दहा वर्षांपर्यंत वाढवता येईल. हा निर्णय ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपायच्या दोन आठवडे आधी आला. सौदा १४ जानेवारी २०२१ ला पूर्ण झाला.

या अटी पुरेशा आहेत का, हा वाद आहे, आणि मला त्या अपुऱ्या वाटतात. पण तत्त्व बघा: माल विकला गेला, आणि त्यावरची बंधनं खरेदीदाराच्या गळ्यात बांधली गेली. म्हणजे हे करता येतं. फक्त ते २१० कोटींच्या सौद्यात केलं गेलं, दीड कोटीच्या सौद्यात नाही. लंडनच्या एखाद्या व्हेक्टरवाल्याची नाडी काय फिटबिटवाल्यापेक्षा कमी खाजगी होती?

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. जून २०२४ मध्ये युरोपातल्या अनेक देशांत फिटबिटच्या घड्याळांवर बाहेरची ॲप आणि घड्याळाचे चेहरे डाउनलोड करणं बंद झालं. कारण दिलं गेलं नव्या नियमांचं. त्याच वर्षी गूगलने स्पष्ट केलं की यापुढे स्मार्टवॉच म्हणजे पिक्सेल वॉच, फिटबिटच्या नावाची नवी स्मार्टवॉच येणार नाहीत. पेबलचा ॲप लिहिणारा जो खुला समाज फिटबिटने २०१६ मध्ये मोठ्या हौसेने घेतला होता, त्याचा शेवट असा झाला.

मेहेरबानी आणि हक्क

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल: बुडत्या कंपनीच्या खरेदीदारावर जुन्या ग्राहकांचं ओझं टाकलं तर घेणारच कोण? कंपनी नुसतीच बुडेल, आणि कुणालाच काही मिळणार नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण कूळ कायद्याच्या वेळीही असंच म्हटलं जात होतं, की कूळ असलेली जमीन कोण घेईल? जमिनी विकल्या गेल्याच. फक्त किमतीत कुळाचा हक्क मोजला गेला. बंधन आधीपासून माहीत असेल तर ते किमतीत उतरतं. माहीत नसेल तर ते ग्राहकाच्या डोक्यावर उतरतं.

आणि मी मागतोय ते फार नाही. कंपनीने कायम सर्व्हर चालवावा असं नाही. सेवा बंद होणार असेल तर पुरेशी आधी सूचना. सर्व्हरशिवाय घड्याळ चालेल असा शेवटचा अपडेट. स्वतःची माहिती उतरवून घ्यायची आणि खोडून टाकायची सोय. आणि दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याला घड्याळ फोनशी कसं बोलतं याची माहिती, म्हणजे थोडक्यात घड्याळजीला पेच उघडायची परवानगी.

हे शक्य आहे, याचा पुरावा पेबलच आहे. फिटबिटने पेबलचे सर्व्हर लगेच बंद केले नाहीत, ३० जून २०१८ पर्यंत चालवले. तोवर रेबल नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने स्वतःच्या सेवा उभ्या केल्या, आणि हजारो घड्याळं चालत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या मूळ सॉफ्टवेअरचा बराचसा कोड सर्वांसाठी खुला केला. त्यानंतर मिगिकोव्हस्कीने नवी कंपनी काढून त्याच जातीची घड्याळं पुन्हा आणायची घोषणा केली. आठ वर्षं मेलेलं घड्याळ उठून बसलं.

छान वाटतं ना? पण नीट बघितलं तर यातली प्रत्येक गोष्ट मेहेरबानी आहे. फिटबिटने सर्व्हर चालवले कारण त्यांना वाटलं. गूगलने कोड खुला केला कारण त्यांना वाटलं. रेबलची माणसं हौशी आणि चिवट होती. व्हेक्टरला तसे चिवट चाहते मिळाले नाहीत, म्हणून तिची आज आठवणही नाही. ज्याचे चाहते जास्त, त्याचं घड्याळ वाचतं, ही काही न्यायाची रीत नव्हे.

कूळ कायद्याची एक काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे फारच गोड होईल. कायदा आला तेव्हा अनेक ठिकाणी मालकांनी कुळांकडून ‘स्वखुशीने’ जमीन सोडल्याचे राजीनामे लिहून घेतले. अंगठा उमटला की हक्क संपला. आपण नवं ॲप उघडताना, किंवा जुनं खातं नव्या मालकाकडे हलवताना, न वाचता ‘मान्य आहे’ दाबतो, तो हाच अंगठा. म्हणून नुसता कायदा पुरत नाही. सही करून सोडता येणार नाही असा हक्क लागतो.

हे मला का महत्त्वाचं वाटतं, ते शेवटी सांगतो. आपल्यातले कितीतरी जण पहिल्या पगारातून आई-बाबांना स्मार्टवॉच पाठवतात. मीही पाठवलं. बाबांची नाडी रात्री किती होती, हे मला इथे बसून फोनवर दिसतं. लांब राहणाऱ्या मुलाच्या अपराधी मनाला त्याने जरा बरं वाटतं. पण त्या आकड्याचा मालक कोण, उद्या कोण असेल, हे मी घेताना बघितलं नव्हतं. बाबांनी तर ‘मान्य आहे’सुद्धा दाबलं नव्हतं, ते मीच त्यांच्या फोनवर दाबून दिलं होतं. त्यांच्या वतीने अंगठा मीच उमटवला होता.

आता पुढचं घड्याळ घेताना मी तीन गोष्टी बघणार आहे. सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत, हे इथे कायद्याने जाहीर असतंच. इंटरनेटशिवाय त्यातलं काय चालतं. आणि माहिती बाहेर काढून घेता येते का. तुम्हीही बघा, आणि घरी पाठवण्याआधी तर नक्कीच बघा.

तोवर आजोबांच्या घड्याळाला किल्ली देतोय. सकाळचे सव्वाआठ झालेत, मिनिटभर इकडे-तिकडे.